बार्सेलोनेता

बार्सेलोनेता म्हणजे स्पेनमधल्या बार्सेलोना शहराचा जुना कोळीवाडा, नावाचा अर्थच 'छोटं बार्सेलोना'. नकाशात बंदर आणि बीचच्या मधे घुसलेला त्रिकोण दिसतो ना, तोच. ही जमीनही मूळची नाही, बंदराचा धक्का बांधल्यावर त्याच्या आडोशाने वाळू साचत साचत तयार झालेली.

1714 मध्ये स्पेनचा राजा पाचवा फेलिपे याच्या सैन्याने शहर घेतलं आणि लोकांवर वचक ठेवायला किल्ला हवा म्हणून ला रिबेरा भागातली शेकडो घरं पाडली. बदल्यात जागा मिळाली ती इथे, पण बांधकाम सुरू झालं 1753 मध्ये, म्हणजे ज्यांची घरं गेली त्यातले कितीजण तोवर हयात होते देव जाणे. प्लॅन लष्करी इंजिनियर हुआन मार्तिन सेर्मेन्योचा, त्यामुळे गल्ल्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या सरळ आणि घरं बुटकी, तळमजला अधिक एक.

पुढे गर्दी वाढली, 1855 मध्ये स्थापन झालेल्या ला माकिनिस्ता कंपनीचा मोठा इंजिनचा कारखाना आला, कामगार आले, मग एका घराचे चार भाग पडले आणि वर मजले चढत गेले. अशा घराला तिथे 'क्वार्त दे काझा' म्हणजे पाव घर म्हणतात, जेमतेम 30-35 चौरस मीटर. वस्तीचा सगळा स्वभाव या पाव घरातूनच आलाय असं मला वाटतं, आत माणसं मावत नाहीत म्हणून संध्याकाळी खुर्च्या दारात येतात, कपडे बाल्कनीत वाळतात आणि बोलणं एवढ्या मोठ्याने की समोरच्या घरालाही सगळं ऐकू जावं.

खायचं तर 'बोंबा', म्हणजे बटाट्याच्या गोळ्यात खिमा भरून तळायचा आणि वर लसणाचा नि तिखट असे दोन सॉस. तो निघाला इथल्याच ला कोवा फुमादा या खानावळीतून, जिच्या दारावर पाटीसुद्धा नाही.

1992 च्या ऑलिम्पिकसाठी किनारा साफसूफ केला, वाळूतल्या खाण्याच्या टपऱ्या हलवल्या आणि बीच जगभर फेमस झाला. मग तीच पाव घरं टुरिस्टांना दिवसाच्या भाड्याने जायला लागली, भाडी वाढली, रात्रभर धिंगाणा. ऑगस्ट 2014 मध्ये नागडे टुरिस्ट भरदिवसा गल्लीत फिरतानाचे फोटो आले आणि लोक रस्त्यावरच उतरले. शहरातल्या दहा हजारांवर टुरिस्ट फ्लॅटची लायसन्सं 2028 नंतर रिन्यू करणार नाही असं महापौरांनी 2024 मध्ये जाहीर केलंय. बाल्कन्यांत कपड्यांच्या शेजारी वस्तीचा निळा-पिवळा झेंडा लटकतो तो बराचसा याच भांडणामुळे.