शेजारच्या दातांच्या खांद्यावर

‘शेजारचे दोन दात थोडे घासावे लागतील.’ ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने उभा राहणारा खोटा दात, बसवायचा म्हटलं की डेंटिस्टकडे हे वाक्य ऐकावं लागतं आणि बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते ती इथेच. पडलेला दात एक, मग त्याची शिक्षा शेजारच्या धडधाकट दोघांना का? प्रश्न रास्त आहे. गंमत म्हणजे ज्यांनी पहिल्यांदा असं काही तोंडात बसवलं, त्यांना हा प्रश्न पडलाच नव्हता.

मध्य इटलीत एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत इ.स.पू. सातव्या शतकापासूनच्या सोन्याच्या पातळ पट्ट्या सापडल्या आहेत. पट्टीच्या कड्या शेजारच्या दातांभोवती घट्ट बसवायच्या आणि मधल्या कडीत माणसाचा किंवा जनावराचा दात खिळा ठोकून पक्का करायचा. शेजाऱ्याला आधार मागितला, पण त्याच्या अंगाला हात लावला नाही. हे काम प्रामुख्याने बायकांच्या तोंडात आणि पुढच्या दातांवर दिसतं. शुद्ध सोनं मऊ, त्यामुळे चावण्यापेक्षा मिरवणं हाच हेतू असावा. भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला, सिडॉनला, फिनिशियन लोकांनी सोन्याच्या तारेने दात एकमेकांना बांधले होते. रोममध्ये इ.स.पू. 450च्या सुमाराच्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्यात मृताबरोबर सोनं पुरायला बंदी होती, मात्र दात बांधलेलं सोनं त्यातून वगळलं होतं. कायद्याला दखल घ्यावी लागली, म्हणजे चाल चांगलीच रुळलेली असणार.

यानंतरचा मोठा पट्टा आपण ओलांडून जाऊ. 1728 साली पॅरिसच्या पिएर फोशारने दंतशास्त्रावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, त्यात खोटे दात बसवण्याच्या रीती तपशिलाने आहेत. शिल्लक राहिलेल्या मुळात खुंटी ठोकून वर दात बसवायचा, किंवा तो दोऱ्याने शेजाऱ्यांना बांधायचा. खोटा दात माणसाचा, हस्तिदंताचा किंवा पाणघोड्याच्या सुळ्याचा. तोंडाच्या ओलाव्यात हे सगळं कुजायचं आणि वास मारायचं. 1808 साली फोन्झी या इटालियन दंतवैद्याने प्लॅटिनमची पिन असलेले चिनी मातीचे सुटे दात आणले, तेव्हा निदान तेवढी दुर्गंधी तरी गेली.

शेजारच्या दातांवर खरी संक्रांत आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ईथरने दुखणं बधिर करता येऊ लागलं होतं, 1871 साली पायाने चालवायचं ड्रिल आलं, पाठोपाठ झिंक फॉस्फेटचं सिमेंट आलं. आता दात कोरता येत होता आणि त्यावर सोन्याची कॅप चिकटवता येत होती. दोन कॅप, मध्ये खोटा दात: आजचा तीन युनिटचा ब्रिज इथे जन्मला. अमेरिकेत लगेच त्याचे पेटंटही निघाले. इंटरनॅशनल टूथ क्राउन कंपनीने कॅप आणि ब्रिजचे हक्क हातात घेऊन दंतवैद्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली. दंतवैद्यांनी 1888 साली संघटना काढून कोर्टात झुंज दिली. 1891 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातलं कॅपचं एक महत्त्वाचं पेटंट रद्द ठरवलं.

मग आला 1910 चा घाव. लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण देताना या सोनेरी कामावर तोंडसुख घेतलं. कुजक्या मुळांवर आणि पू धरलेल्या हिरड्यांवर सोन्याचे मकबरे उभारले जाताहेत आणि त्यातून शरीरभर रोग पसरतो आहे, असा त्यांचा आरोप होता. अर्धी गोष्ट खरीच होती. खालचा दात बरा न करता वर कॅप ठोकणारे कमी नव्हते. पण सगळ्या रोगांचं मूळ दातांत शोधण्याची लाट उठली आणि पुढची काही दशकं वाचवता आले असते असे असंख्य दात उपटले गेले. म्हणजे ज्या खांबांवर पूल उभा राहायचा, तेच गेले.

ब्रिजची अब्रू सावरली ती नेमकेपणामुळे. 1907 मध्ये टॅगर्ट यांनी मेणाचा साचा वितळवून सोनं ओतण्याची पद्धत दंतवैद्यकात रुजवली. 1926 साली अँटे यांनी एक साधा हिशेब मांडला: खांबाच्या दातांच्या हाडात रुतलेल्या मुळांचं क्षेत्रफळ हरवलेल्या दातांच्या मुळांइतकं तरी हवं. पुलाच्या इंजिनियरने करावा असाच हा हिशेब, मात्र पुढे तो फारच कडक निघाला. 1957 मध्ये मिनिटाला सुमारे तीन लाख फेऱ्या मारणारं हवेवरचं ड्रिल आलं आणि दात घासणं मिनिटांचं काम झालं. सोपं झालं तसं ते वाढलंही, हे वेगळं सांगायला नको. 1962 च्या पेटंटनंतर धातूवर पोर्सेलिन चढवलेले ब्रिज सर्वत्र झाले.

आठी पाडणाऱ्या त्या प्रश्नाला उत्तरं दोन दिशांनी आली. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. त्यातून इम्प्लांट आलं, त्याला शेजाऱ्याची गरजच नाही. दुसरं उत्तर ब्रिजच्याच घरातलं. आम्लाने इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, खरवडलं की रेझिन हे चिकट द्रव्य त्याला घट्ट धरतं, हे बुओनोकोर यांनी 1955 मध्ये दाखवलं होतं. त्याच्या आधारे फ्रान्सच्या रोशेत यांनी 1973 मध्ये खोट्या दाताला जोडलेला, भोकं पाडलेला धातूचा पातळ पंख शेजारच्या दातांच्या मागे चिकटवला. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात तो सुधारला, म्हणून ‘मेरीलँड ब्रिज’. घासणं नाममात्र, म्हणजे फिरून एट्रुस्कन रीत, फक्त कडीच्या जागी गोंद.

सुरुवातीला पंख दोन्ही बाजूंना असत आणि त्यातला एक सुटत असे. कारण दोन दात चावताना आपापल्या परीने हलतात. दुसरा पंख धरून राहिल्याने रुग्णाला पत्ता लागत नसे आणि सुटलेल्या पंखाखाली दात किडत जाई. आता पुढच्या दातांसाठी बऱ्याचदा एकाच बाजूचा पंख देतात, हल्ली तो झिर्कोनिया या कडक पांढऱ्या सिरॅमिकचाही असतो, आणि तो जास्त टिकतो असं दिसून आलं आहे. तो सुटलाच तर खोटा दात सरळ हातात येतो आणि बहुतेक वेळा पुन्हा चिकटवता येतो.