कॉलिनची आत्या

कॉलिनच्या आईचं नाव व्हिक्टोरिया, वडिलांचं जेम्स. व्हिक्टोरियाच्या भावाची बायको मार्गारेट, आणि जेम्सची बहीण जेनिफर. आता कॉलिनची ‘आंट’ कोण, असं इंग्रजीत विचारलं तर उत्तरं दोन येतात. मराठीत हा घोळच होत नाही: मार्गारेट मामी, जेनिफर आत्या. काका आणि मावशी बिचाऱ्याला नाहीतच.

हे कुटुंब खरं नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन यांनी ते एका प्रयोगासाठी कागदावर वसवलं होतं. १२ माणसांचं एक इंग्लिश घराणं आणि हुबेहूब त्याच घडणीचं १२ जणांचं इटालियन घराणं. १९८६ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात डेव्हिड रुमेलहार्ट, हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांचा जेमतेम चार पानांचा निबंध आला, त्यात या दोन्ही घराण्यांचे वंशवृक्ष छापलेले आहेत. हिंटन म्हटलं की आता लोकांना नोबेल आठवतं, नाहीतर गूगल सोडल्यावर त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांबद्दल दिलेले इशारे. मला हे दोन वंशवृक्ष आठवतात.

हिंटन मुळात कॉम्प्युटरवाले नव्हेत. जन्म १९४७चा, इंग्लंडमधला. केंब्रिजमध्ये विषय बदलत बदलत शेवटी त्यांनी १९७० मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राची पदवी घेतली. मग काही काळ चक्क सुतारकाम केलं. पुढे एडिंबरामध्ये पीएचडीला लागले ते न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर जोडलेल्या कृत्रिम पेशींचं जाळं घेऊन, आणि तेही अगदी पडत्या काळात. मार्व्हिन मिन्स्की आणि सीमोर पॅपर्ट यांनी १९६९ मध्ये एका थराच्या नेटवर्कच्या मर्यादा गणिताने दाखवून दिल्या होत्या, आणि हिंटन यांच्या मार्गदर्शकांचाही या वाटेवरचा विश्वास उडत चालला होता. पीएचडीनंतर ते अमेरिकेत सॅन दिएगोला गेले. तिथे त्यांना रुमेलहार्ट यांच्यासारखे सोबती भेटले, तेही मानसशास्त्रज्ञच.

शब्दाचा अर्थ डोक्यात कुठे असतो, हा या मंडळींच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. एक मत असं की शब्दाला अर्थ येतो तो इतर शब्दांशी असलेल्या नात्यांमुळे. दुसरं मत असं की अर्थ म्हणजे गुणांची मोळी. कॉलिनच्या कुटुंबाने हे भांडण एका छोट्या यंत्रात सोडवून दाखवलं.

यंत्राच्या एका टोकाला २४ माणसांची २४ बटणं आणि आई, भाऊ, आंट अशा १२ नात्यांची १२ बटणं आहेत, असं समजा. दुसऱ्या टोकाला २४ दिवे. ‘कॉलिन’ आणि ‘आंट’ दाबलं की जेनिफर आणि मार्गारेटचे दिवे लागले पाहिजेत. यंत्राला नावांचं काही कळत नाही, कॉलिन म्हणजे अमुक एक बटण, बस. मात्र ही २४ माणसं पुढे जातात ती फक्त सहा कृत्रिम पेशींच्या अरुंद दारातून. एकूण १०४ नाती होती. त्यातली १०० शिकवली, चार लपवून ठेवली.

शिकवायचं कसं? सुरुवातीला उत्तरं वाटेल तशी येतात. मग दिव्यांकडून उलट मागे येत, चुकीत कुठल्या जोडणीचा किती वाटा होता ते मोजायचं आणि तेवढ्यापुरती ती जोडणी सैल किंवा घट्ट करायची. आमटी खारट झाल्यावर कोणाच्या हातून किती मीठ पडलं याचा माग काढावा, तसंच. याला बॅकप्रोपगेशन म्हणतात. ही कल्पना एकट्या हिंटन यांची नाही. त्यामागचं गणित फिनलंडच्या सेप्पो लिनाइनमा यांनी १९७० मध्येच मांडलं होतं, आणि निबंधावर पहिलं नाव रुमेलहार्ट यांचं आहे.

दीडेक हजार फेऱ्यांनंतर त्या सहा पेशी उघडून पाहिल्या, तेव्हा खरी गंमत कळली. एक पेशी माणूस इंग्लिश की इटालियन ते सांगत होती, दुसरी त्याची पिढी, आणखी एक घराण्याची शाखा. पिढी म्हणजे काय हे यंत्राला कोणी सांगितलं नव्हतं. नात्यांतून गुण आपसूक उगवले होते, आणि त्या गुणांच्या जोरावर न शिकवलेली नातीही त्याला बहुतेक ओळखता आली. शाखेची पेशी पाहताना मनात येतं, मामी आणि आत्या हे शब्द ते काम आधीच करून ठेवतात.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक आहे. हिंटन १९८७ मध्ये टोरंटोला गेले. २०१२ मध्ये अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुत्स्केव्हर या दोन विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी याच पद्धतीने शिकवलेलं नेटवर्क चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत उतरवलं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या २६ टक्के चुकांसमोर १५ टक्क्यांवर बाजी मारली. आजची भाषा-मॉडेलं शब्दाला आकड्यांच्या लांबलचक यादीत मांडतात. कॉलिनच्या यादीत सहाच आकडे होते.

२०२४ मध्ये जॉन हॉपफिल्ड यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. फोन आला तेव्हा ते कॅलिफोर्नियातल्या एका स्वस्त हॉटेलात होते आणि त्या दिवशीचा ठरलेला एमआरआय आता रद्द करावा लागेल, असं त्यांनी सांगितलं.

पण मूळचा प्रश्न होता डोक्याचा. मेंदूतल्या पेशी अशी चूक उलट्या वाटेने पोचवतात, याचा पुरावा मिळालेला नाही, आणि ही खोट हिंटन स्वतःच पुन्हा पुन्हा दाखवत आले. २०२२च्या डिसेंबरात, पंच्याहत्तरीत, त्यांनी मागे फिरण्याची गरजच नसलेली नवी पद्धत मांडली: दोन फेऱ्या, दोन्ही पुढेच, एक खऱ्या उदाहरणांची आणि एक खोट्या.