दोरी बर्फ कापत बाहेर येणार नाही का?

हिवाळ्यात हिमाचलातल्या स्पितीतले गोठलेले धबधबे चढायला आता नागपूरचीही मंडळी जातात. उतरताना ही माणसं बर्फालाच भोक पाडून त्यात दोरी ओवतात आणि तिच्यावर लटकतात, हे कळलं की हमखास शंका येते: वजन बांधलेली तार बर्फाच्या लादीतून आरपार जाते, मग ही दोरी का नाही जाणार?

शंका रास्त आहे, पण हिशेब करून बघा. दाबामुळे बर्फाचा द्रवणांक उतरतो, तो एका वातावरणामागे (समुद्रसपाटीवरच्या हवेइतक्या दाबामागे) जेमतेम 0.0074 अंश. 80 किलोचा माणूस 7 मिलिमीटरच्या दोरीवर लटकला आणि दोरी 10 सेंटिमीटर बर्फाला टेकली, तर दाब भरतो 11 वातावरणं. द्रवणांक उतरला 0.08 अंशाने. बर्फ उणे 5 अंशांवर असेल तर साडेसहाशेच्या वर वातावरणं हवीत. तार जिच्यातून आरपार जाते ती फुटाळा तलावावरच्या गोळेवाल्याची लादी मुळातच 0 अंशावर पाझरत असते आणि धातूची तार मे महिन्याची उष्णता आत नेते. नायलॉनला ते जमत नाही.

खरी भीती बर्फ फुटण्याची. दाबाखाली बर्फ दणकट, ताणाखाली कच्चा. म्हणून दोरीमागे बर्फ किती उरला, यावर सगळं ठरतं. सोव्हिएत गिर्यारोहक विताली अबलाकोव्ह यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘व्ही-थ्रेड’ असा करतात: वरचा सच्छिद्र थर कुऱ्हाडीने खरवडा. 22 सेंटिमीटरचा पोकळ आइस स्क्रू (बर्फात फिरवत घुसवायची नळी) पृष्ठभागाशी 60 अंशांत, बाजूला तिरपा, पूर्ण आत फिरवा. स्क्रूच्या लांबीइतकं अंतर सोडून दुसरं भोक उलट्या दिशेने, तेही 60 अंशांत. झाला समभुज त्रिकोण, टोक 19 सेंटिमीटर खोल. आकड्याच्या तारेने दोरी ओढून घ्या, टोकं डबल फिशरमन गाठीने जोडा. आता गंमत बघा: या त्रिकोणाचं क्षेत्रफळ सुमारे 210 चौरस सेंटिमीटर, 13 सेंटिमीटरच्या स्क्रूने केलात तर फक्त 73. लांबी निम्म्याहून जास्त, पण बर्फ एक तृतीयांशच! स्क्रूच्या नळीतून निघणारी बर्फाची कांडीही बघा. ती पांढरी, बुडबुड्यांची निघाली किंवा मध्येच पाणी आलं, तर जागा बदला.

शेजारी एक स्क्रू आधाराला ठेवून आधी सर्वांत जड गडी उतरतो. थ्रेड जराही हलला नाही, तरच शेवटचा, हलका गडी तो स्क्रू काढून उतरतो. उतरायचा 60 मीटरचा दोर थ्रेडच्या दोरीतून ओवून दुहेरी केला की 30 मीटरच मिळतात, तेव्हा दोन्ही टोकांना गाठी हव्यात. आणि थ्रेडच्या दोरीतून दोर सरकवत कुणाला खाली सोडायचं नाही: घर्षणाने वितळतं ते नायलॉन, बर्फ नव्हे.

हे सगळं पायथ्याशी धड पोचलात तर. चढाई मध्यम असली तरी तिथवरची घळ बहुतेक वेळा हिमस्खलनाचीच वाट असते. 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत वाईट. ताजं हिम पडल्यावर किमान एक-दोन दिवस तिकडे फिरकू नये. असा उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी आडोशाला उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची. उतार तीव्र होण्याआधी, सपाटीवरच क्रॅम्पॉन (बुटांखालचे लोखंडी काटे) बांधा. ‘जितकी थंडी तितका बर्फ पक्का’ हाही गैरसमज: फार थंड बर्फ ठिसूळ होतो, कुऱ्हाड मारली की ताटाएवढे तुकडे सुटतात. म्हणून वर कुणी चढत असेल तर धबधब्याच्या सरळ रेषेत थांबायचं नाही, बाजूला खडकाखाली थांबायचं. पायथ्याशी नारळ फोडायचा तर खुशाल फोडा, फक्त हेल्मेट त्याआधी डोक्यावर चढलेलं असू द्या.