खड्ड्याची तक्रार आणि तिची पोच

खड्ड्याचा फोटो काढायचा, ॲपवर टाकायचा, की तक्रार झाली. काम आता एवढं सोपं आहे. मात्र ही तक्रार कोर्टात उभी राहते का, या प्रश्नावर न्यूयॉर्कमध्ये चार दशकं भांडण चाललं.

उखडलेल्या फुटपाथवर किंवा रस्त्यातल्या खड्ड्यात पडून जखमी झालेले लोक तिथे शहरावर भरपाईचे दावे लावत. हा बोजा टाळण्यासाठी १९७९ मध्ये नवी तरतूद आली. ज्या जागी अपघात झाला तिथल्या बिघाडाची लेखी सूचना शहराला आधी मिळालेली हवी आणि त्यानंतर १५ दिवसांत दुरुस्ती झालेली नसावी, तरच शहर जबाबदार. लोक याला ‘पॉटहोल लॉ’ म्हणू लागले. वरवर पाहता रास्तच. ठाऊकच नसलेला खड्डा बुजवणार कसा? पण पडण्याआधी अर्ज लिहून ठेवणारा पादचारी कुठून आणायचा?

तो वकिलांनी आणला. अपघाताचे दावे लढवणाऱ्या वकिलांच्या संघटनेने १९८२ मध्ये ‘बिग ॲपल पॉटहोल अँड सायडवॉक प्रोटेक्शन’ नावाची संस्था काढली. पगारी माणसं रस्तोरस्ती हिंडायची, दिसेल तो तडा, खड्डा, वर आलेली कड नकाशावर ठरलेल्या खुणांनी मांडायची आणि हे नकाशे शहराच्या वाहतूक खात्यात दाखल व्हायचे. झाली लेखी सूचना! यात परमार्थ कमी आणि वकिलीचा धंदा जास्त, हे उघड आहे. तरी पळवाटेला इतकं चोख उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल. पुढे २००३ मध्ये बहुतेक फुटपाथांची जबाबदारी लगतच्या मालकांवर गेली आणि नकाशांचं महत्त्व घटलं. २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संदिग्ध खुणेला सूचना मानायला नकार दिला.

दरम्यान फोन आला होता. ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावरचा किरकोळ कॉलचा ताण हलका करायला बाल्टिमोरने १९९६ मध्ये ३११ सुरू केला. न्यूयॉर्कने तो २००३ मध्ये घेतला. तुंबलेलं गटार असो की बंद पडलेला दिवा, एकच क्रमांक. मात्र तोंडी तक्रार म्हणजे लेखी सूचना नव्हे, ही अट तशीच राहिली.

इंटरनेटवरची वाट ब्रिटनमध्ये २००७ साली ‘फिक्समायस्ट्रीट’ने रुळवली: नकाशावर बोट ठेवा, तक्रार संबंधित कौन्सिलकडे जाते. अमेरिकेत न्यू हेवनमधून २००८ मध्ये ‘सीक्लिकफिक्स’ निघालं. सायकलवाल्यांना याचा विशेष उपयोग. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवल्या असतील तर सायकलचं अरुंद चाक त्यांच्या फटीत अडकतं. मोटारीतल्या माणसाला ती जाळी जाणवतही नाही. अशी जागा दाखवणार तो सायकलवालाच.

मग न्यूयॉर्क राज्यातल्याच आल्बनी शहरात एका मोटरसायकलस्वाराला अपघात झाला. सीक्लिकफिक्सवर आलेली तक्रार ही लेखी सूचनाच नव्हे, असं शहराचं म्हणणं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं.

मुंबईत वाट वेगळी पडली. इथे २०१३ मध्ये उच्च न्यायालयाच्याच एका न्यायमूर्तींनी खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि त्यावरून जनहित याचिका उभी राहिली. चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे २०१८ च्या निकालात आलं. तरी खड्डे आणि उघडी मॅनहोल माणसं गिळतच राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने भरपाईच ठरवून दिली: मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये. शिवाय खड्डा निदर्शनास आणून दिल्यावर ४८ तासांत बुजवायचा. न्यूयॉर्कचे १५ दिवस इथे दोन झाले आहेत. तेव्हा तक्रार करताना तारीख-वेळ असलेली पोच जपून ठेवलेली बरी.