पँथिऑनचे ब्राँझ गेले कुठे? रोमच्या बरोक कार्यशाळांची पार्श्वभूमी

व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमधल्या मुख्य वेदीवरचे ब्राँझचे छत्र, म्हणजे बाल्डाकिनो, शिल्पकार बर्निनीच्या हातून १६२४ ते १६३३ दरम्यान घडले. त्याआधी त्याच परिसरात लाकूड, कापड आणि स्टकोची (गिलाव्याची) तात्पुरती छत्रे येऊन गेली होती. नव्या छत्राच्या माथ्यावर पुनरुत्थित ख्रिस्ताची मूर्ती बसवायची होती. वजन पेलणार नाही म्हणून तिथे गोल आणि क्रूस आला.

तात्पुरते काम दुय्यम हातांकडे जाई, हा समज चुकीचा आहे. १६२२च्या सुरुवातीला दिवंगत पोप पाचवे पॉल यांच्या स्मरणमंडपासाठी ३६ पुतळे लागले. ते घडवणारा तरुण बर्निनीच पुढे बाल्डाकिनोचाही कर्ता झाला. त्याच मार्चमध्ये पाच जणांना एकदम संतपद मिळाले (त्यात आपला गोंयचो सायब, म्हणजे फ्रान्सिस झेवियरही होता), तेव्हा सेंट पीटर्सच्या आत लाकडी रंगमंडप उभा राहिला. १६२८ मध्ये व्हॅटिकनच्या एका चॅपेलमध्ये चाळीस तासांच्या आराधनेसाठी सुमारे २,००० दिवे सजावटीआड लपवले गेले. न दिसणाऱ्या स्रोतातून उजेड आणण्याची हीच युक्ती १६६६ मध्ये पूर्ण झालेल्या सेंट पीटरच्या सिंहासनामागे पिवळ्या काचेच्या खिडकीतून कायमची झाली.

खरा वाद धातूचा. १६२५ मध्ये बार्बेरिनी घराण्यातल्या पोप आठवे अर्बन यांच्या हुकमाने पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराच्या दर्शनी मंडपातल्या ब्राँझच्या तुळया उतरवल्या गेल्या. रोमकर चिडले. रानटी टोळ्यांनी (बार्बारी) जे केले नाही ते बार्बेरिनींनी केले, अशी पोपच्या आडनावावर कोटी करणारी लॅटिन ओळ शहरभर झाली. तेव्हापासून बाल्डाकिनो म्हणजे पँथिऑनची लूट हे समीकरण पर्यटकांना ऐकवले जाते. हिशेब वेगळे सांगतात. बहुतेक ब्राँझ सांत आंजेलो किल्ल्यात तोफांसाठी ओतले गेले. छत्राच्या वाट्याला फारच थोडे आले आणि त्यासाठी व्हेनिसहून धातू मागवावा लागला. मग अफवा कोणाची? बऱ्याच अंशी खुद्द पोपच्या दरबाराची. पँथिऑनच्या मंडपातल्या १६३२च्या शिलालेखात हे ब्राँझ ‘निरुपयोगी अलंकार’ ठरवले आहे आणि त्याचे व्हॅटिकनचे स्तंभ (म्हणजे छत्राचे खांब) व तोफा केल्याचे लिहिले आहे. स्तंभ आधी, तोफा नंतर. युद्धसामग्रीपेक्षा छत्राखालच्या प्रेषित पीटरच्या थडग्याची शोभा सांगायला सोयीची होती, एवढाच अर्थ मला त्या क्रमातून निघतो.

पुढच्या दशकांत काम इतके वाढले की मूळ कल्पना एकाची आणि छिन्नी दहाजणांची, हीच रीत झाली. १६६७ नंतर सांत आंजेलो पुलासाठी दहा देवदूत ठरले. उस्तादाने, म्हणजे बर्निनीने, मातीचे नमुने करायचे आणि बहुतेक संगमरवर इतरांनी कोरायचा. त्याने स्वतः हाताळलेले दोन देवदूत उन्हापावसात ठेवणे नको म्हणून पुलावर त्यांच्या जागी दुसरे बसवले गेले. सिंहासनासारख्या कामांतल्या ब्राँझच्या देवदूतांसाठी लोखंडी सांगाड्यावर गवत आणि माती चढवून पूर्ण आकाराची प्रतिरूपे केली जात. ओतकाम झाल्यावर ती टाकायचीच, तरी काही आज व्हॅटिकनच्या संग्रहात आहेत.

अलीकडे लक्ष वळले आहे ते बर्निनीच्या कार्यशाळेतल्या छोट्या भाजक्या मातीच्या नमुन्यांकडे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने १९३७ मध्ये असे पंधरा नमुने घेतले. भट्टीत तडकू नयेत म्हणून ते मागून कोरून पोकळ केलेले असतात. क्ष-किरणांत मातीचे थर दिसतात, पृष्ठभागावर बोटांचे ठसेही. त्यातला कुठला हात उस्तादाचा आणि कुठला शिष्याचा, यावर संग्रहालयांचे आता वाजते.