'३ नॅनोमीटर' चिपमध्ये ३ नॅनोमीटरचं काय असतं?

मोबाइलच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा ठामपणे सांगतो, "सर, ३ नॅनोमीटरची चिप आहे, म्हणजे आतला एकेक ट्रान्झिस्टर तेवढाच." (ट्रान्झिस्टर म्हणजे चिपमधला सूक्ष्म विद्युत-स्विच, नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) वर्षानुवर्षं आपण हे खरं धरून चाललोय. तसं नसतं.

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नावातला आकडा आणि ट्रान्झिस्टरच्या गेटची, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागाची, लांबी साधारण जुळायची. पुढे दोघांची फारकत झाली. आजच्या '३ नॅनोमीटर' चिपमध्ये एका गेटपासून शेजारच्या गेटपर्यंतचं अंतर ४५ ते ५० नॅनोमीटरच्या आसपास भरतं. ३ नॅनोमीटरमध्ये सिलिकॉनचे जेमतेम डझनभर अणू ओळीत मावतील. एवढ्यात अख्खा ट्रान्झिस्टर बसवणार कुठे?

चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसी कंपनीची गंमत बघा. २० नॅनोमीटरनंतर त्यांनी १६ नॅनोमीटर आणलं, पण वरच्या धातूच्या तारांची जाळी जवळपास २० चीच ठेवली. बदललं ते ट्रान्झिस्टरचं रूप: आधी सपाट होता, तो माशाच्या परासारखा उभा केला. सुधारणा खरी होती, १६ हा आकडा मात्र कशाचंच माप नव्हता. इंटेलने तर २०२१ मध्ये आपल्या सुधारित १० नॅनोमीटर प्रक्रियेचं 'इंटेल ७' असं बारसं केलं आणि नॅनोमीटर हा शब्दच गाळला. (प्रामाणिकपणा की चलाखी, तुम्हीच ठरवा.)

म्हणजे आकडा निव्वळ थाप का? नाही. एकाच कंपनीत लहान आकडा म्हणजे पुढची पिढी: दाटी जास्त, वीज कमी. दोन कंपन्यांची तुलना करायची, तर चौरस मिलिमीटरमागे किती ट्रान्झिस्टर बसलेत ते विचारा. काउंटरवरच्या त्या मुलाला ते माहीत नसेल, पण फोन तापतो का, हे तो नक्की सांगेल.