जिनचा काटा नाही रे भो, जिमकाटा! एका महाभंगार कराटे पिच्चरची पार्श्वभूमी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, पिच्चर भंगार आहे, त्यात वाद नाही. पण पस्तीसेक वर्षं झाली तरी आमच्या ग्रुपात वर्षातून एकदा कुणीतरी त्याचा विषय काढतंच, आणि एकदा निघाला की शेवभाजी गार होते, तिच्यावरची तर्री गोठते, तरी कुणी उठत नाही. परवा भाच्याने विचारलं की मामा तुम्ही सगळे त्या पिच्चरवर एवढं काय हसता, तर मला धड सांगताच येईना. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू, हे प्रकरण आलं कुठून.

नाव 'जिमकाटा', साल १९८५. जिम्नॅस्टिकमधलं जिम आणि कराटेतलं काटा, म्हणजे ते ठरलेल्या हालचालींचं जे असतं ते, दोन्ही जोडून केलेलं नाव. आता खान्देशातल्या माणसाला काटा म्हटलं की कापसाच्या जिनिंगचा वजनकाटाच आठवतो, त्यामुळे आमचा एक दोस्त आजही त्याला 'जिनचा काटा'च म्हणतो, आणि त्याच्या मते नाव बरोबरच आहे कारण दोन्हीकडे आपल्याला काटा मारला जातो.

आम्हाला मारला तो अमळनेरला. ८९-९०च्या सुमाराची गोष्ट, स्टँडच्या मागे एक व्हिडिओ पार्लर होतं, पत्र्याची खोली, खाली सतरंजी, वर एक टीव्ही आणि व्हीसीआर, दोन रुपये तिकीट. बाहेर पाटीवर खडूने लिहिलेलं 'एंटर द ड्रॅगन भाग २'. असा काही भाग जगात कधी निघालाच नाही हे आम्हाला काय माहीत! आत बसलो तर ब्रूस लीचा पत्ताच नाही, एक गोरा, बुटका, गुटगुटीत पोरगा हातांवर उलटा होऊन जिना चढून राहिला. आरडाओरडा झाला, पैसे परत मागितले, तर पार्लरवाला शेठ अगदी शांतपणे म्हणाला, "डायरेक्टर तोच आहे." तेव्हा वाटलं थाप मारतोय. पुढे कितीतरी वर्षांनी बघितलं तर खरंच तोच, रॉबर्ट क्लाउज. आणि नुसता डायरेक्टर नाही, प्रोड्युसर फ्रेड वाइनट्रॉबसुद्धा 'एंटर द ड्रॅगन'वालाच. म्हणजे १९७३ ला ज्यांनी जगाला वेड लावलं त्याच माणसांनी बारा वर्षांनी हे केलं. मधल्या बारा वर्षांत काय झालं, तीच खरी पार्श्वभूमी.

थोडं आणखी मागे जावं लागेल. हाँगकाँगला शॉ ब्रदर्स नावाची कंपनी, स्वतःचा मोठा स्टुडिओ, नट पगारावर, पिच्चर कारखान्यासारखे निघायचे. १९६७ ला त्यांचा एक हात तुटलेल्या तलवारबाजाचा पिच्चर धो धो चालला आणि मारामारीच्या पिच्चरांची लाट सुरू झाली. तेव्हा तिकडे शूटिंग बहुतेक बिनआवाजाचं व्हायचं, आवाज नंतर भरायचे, कारण सेटवर कुणी कँटनीज बोलणार कुणी मँडरिन, आणि माल विकायचा सगळ्या आग्नेय आशियात. पुढे गिऱ्हाईक वाढलं तसं इंग्रजीत डबिंग व्हायला लागलं, ते हाँगकाँगमध्येच राहणारी मोजकी गोरी माणसं करायची, त्यामुळे दहा पिच्चरांत तोच आवाज, कधी गुरुजींचा कधी व्हिलनचा. ओठ जेवढे हलतील तेवढ्यात वाक्य बसवायचं म्हणून माणूस मधेच थांबणार, उगाच "हं?" करणार, मग पुढे बोलणार. तोंड एक बोलतंय आणि कानावर भलतंच येतंय, हा प्रकार तिथला. त्यात हवेत हात फिरवला तरी धोतर झटकल्यासारखा आवाज, आणि चिडलेल्या डोळ्यांवर धाडकन झूम. आपण ज्याला कुंगफू पिच्चरचा येडेपणा म्हणतो तो निम्मा तर पैसे आणि वेळ वाचवायच्या युक्त्यांतून आलेला आहे.

मार्च १९७३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने शॉ कंपनीचाच एक पिच्चर नाव बदलून अमेरिकेत लावला, तो चालला. मग 'एंटर द ड्रॅगन'. आणि २० जुलै १९७३ ला ब्रूस ली गेला, वय फक्त ३२. पिच्चर अमेरिकेत लागला तो त्यानंतर महिनाभराने. म्हणजे बघा, जगभर मागणी पेटलेली आणि माल बनवणारा माणूसच नाही. आपल्या बाजारात कापसाचा भाव चढला आणि घरात बोंड नाही अशी गत. मग व्यापारी जे करतो तेच झालं, भेसळ.

ब्रूस ली, म्हणजे ल-ला दीर्घ वेलांटी, तो गेला आणि ब्रूस लि आला, ऱ्हस्व! हा तैवानचा. मग ब्रूस ले आला, मग ड्रॅगन ली. केस तसेच, काळा गॉगल तसाच, नाक अंगठ्याने पुसायची स्टाईल तशीच. या नकली लींची एवढी पिकं निघाली की समीक्षकांनी या प्रकाराला वेगळं नावच दिलं. १९७७ ला एक पिच्चर आला त्यात ब्रूस ली मेल्यावर पाताळात जातो आणि तिथे त्याला ड्रॅक्युला भेटतो, जेम्स बाँड भेटतो आणि पालक खाणारा पोपॉयसुद्धा भेटतो. मी गंमत करत नाहीये. १९७६ च्या दुसऱ्या एका पिच्चरमध्ये कुस्त्यांच्या मैदानात एक भारतीय योगी उतरतो, अंगाला काळा रंग फासलेला चिनी नट, आणि लढता लढता त्याचे हात रबरासारखे लांब होतात. आमच्या योगासनाच्या क्लासमध्ये हे मी एकदा सांगितलं तर सर आठवडाभर बोलले नाहीत.

आणि याच काळात क्लाउज साहेबांना एक काम मिळालं. ब्रूस लीने मरायच्या आधी 'गेम ऑफ डेथ'चं थोडं शूटिंग करून ठेवलं होतं, ते पिवळ्या ड्रेसमधलं, सात फुटांहून उंच बास्केटबॉलवाल्या करीम अब्दुल जब्बारबरोबरचं. शेवटच्या मारामारीची दहा-बारा मिनिटं तेवढी वापरता येण्यासारखी. बाकीचा अख्खा पिच्चर डुप्लिकेट घेऊन उभा केला आणि १९७८ ला लावला. डुप्लिकेटचा चेहरा दिसू नये म्हणून गॉगल, दाढी, अंधार, पाठ, सगळं करून झालं. एका सीनमध्ये तर आरशासमोर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या जागी ब्रूस लीचा कापलेला फोटो चिकटवलाय, चक्क दिसतो! आणि ब्रूस लीच्या खऱ्या अंत्ययात्रेचं शूटिंगसुद्धा कथेत घुसवलं. इथे मात्र मला हसू येत नाही, ते वाईटच केलं.

तर असा सगळा अनुभव गाठीशी घेऊन १९८५ उजाडलं. अमेरिकेत तेव्हा निंजांचा सीझन होता, आदल्याच वर्षी 'कराटे किड' जोरात चाललेला. वाइनट्रॉब आणि क्लाउज यांनी नवीन ब्रूस ली शोधायचा नाद सोडला आणि सरळ जिम्नॅस्ट उचलला.

हा कर्ट थॉमस ऐरागैरा नव्हता हे इथे सांगायला पाहिजे. १९७८ ला स्ट्रासबुर्गच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये फ्लोअरचं, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींचं, सोनं घेतलं, ते घेणारा पहिला अमेरिकन पुरुष. पाय फाकवून घोड्यावर, म्हणजे जिम्नॅस्टिकच्या त्या दोन मुठीवाल्या ठोकळ्यावर, गरगर फिरवायची एक हालचाल आहे, तिला त्याचंच नाव पडलं, थॉमस फ्लेअर, आज ब्रेकडान्सवाली पोरं जमिनीवर करतात ती त्याच जातीची. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकला तो पदकं आणणार असंच सगळे धरून होते. पण रशियाने अफगाणिस्तानात सैन्य घातलं, अमेरिकेने बहिष्कार टाकला आणि याचं ऑलिम्पिक गेलं ते गेलंच. (आपण त्याच मॉस्कोत हॉकीचं सोनं घेतलं, ते अजूनपर्यंतचं शेवटचं.) आणि दैवाची थट्टा म्हणा की काय, पाच वर्षांनी याच माणसाला पिच्चरमध्ये पाठवलं कुठे, तर हिंदुकुश पर्वतातल्या पारमिस्तान नावाच्या खोट्या देशात! म्हणजे ज्या बाजूच्या भांडणात बिचाऱ्याचं ऑलिम्पिक गेलं त्याच बाजूला. शूटिंग अर्थातच तिकडे नाही, युगोस्लाव्हियात.

कथा दोन ओळींत. पारमिस्तानात परका माणूस आला की त्याला एक जीवघेणी शर्यत पळावी लागते, ९०० वर्षांत कुणी परका जिंकलेला नाही, जिंकला तर राजा एक इच्छा पुरी करतो, आणि अमेरिकेला तिथे उपग्रहांवर नजर ठेवायचं केंद्र टाकायचंय, म्हणून मिलिटरीतला कुणी न पाठवता जिम्नॅस्ट पाठवलाय. का? विचारायचं नाही.

आता तो सीन, ज्याच्यासाठी हे सगळं. शर्यतीत एक येड्यांचं गाव लागतं. गावभरचे येडे कोयते, काठ्या, काटे घेऊन हिरोच्या मागे. हिरो पळत पळत चौकात येतो, आणि चौकाच्या मधोमध काय आहे तर दगडाचा जिम्नॅस्टिकचा घोडा, वर दोन मुठी सकट! कुणी बांधला, कशासाठी, काही नाही. हिरो त्याच्यावर चढतो आणि पाय गरगर फिरवायला लागतो, आणि येडे एकेक करून पुढे येतात, लाथ खातात, पडतात. नुसतं दोन पावलं मागे उभं राहिलं असतं तरी बिचारा दमून खाली उतरला असता, पण नाही, लाईनीत येऊन मार खातात. त्याच्या आधी एका गल्लीत दोन भिंतींमध्ये आडवा पाईप अगदी सिंगलबार सारखा तयार मिळतो तो वेगळाच.

पार्लरमध्ये पुढच्या रांगेत आमचा एक आबा बसायचा, बाजार समितीत हमाल, इंग्रजीचा ओ की ठो कळायचा नाही. पण तो प्रत्येक पिच्चर अहिराणीत डब करायचा, जागेवर, मोठ्याने. घोडा दिसल्याबरोबर त्याने येड्यांच्या वतीने विचारलं, "आरे भो, आपला गावमा हाऊ घोडा कसाले शे?" मग हिरोच्या वतीने, "दूरथीन काय देखस, जोडे ये ना!" (लांबून काय बघतोस, जवळ ये ना!) आणि मग तलाठी कार्यालयासारखं, "लाईनमा या रे, एक एक जण या!" पब्लिक सतरंजीवर लोळत होतं. मला आजही तो सीन खऱ्या इंग्रजी आवाजात ऐकला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आणि हेच मला वाटतं या पिच्चरांच्या टिकण्याचं कारण आहे. त्या पिच्चरांत तोंड आणि आवाज मुळातच एकमेकांचे नव्हते, मग ती रिकामी जागा ज्याने त्याने आपापल्या भाषेत भरली. चांगल्या पिच्चरमध्ये तुम्हाला बोलायला जागाच नसते, गप्प बसून बघावं लागतं. भंगार पिच्चरला पब्लिक लागतं. म्हणून एकट्याने बघितला तर 'जिमकाटा' अर्ध्या तासात बंद कराल, दहा जणांत बघाल तर रिवाइंड कराल.

अमेरिकेतही हेच झालं. थिएटरात काही जमलं नाही, मग कॅसेटवर आणि टीव्हीवर रात्री उशिरा लागायला लागला आणि कॉलेजची पोरं घोळक्याने बघायला लागली. असाच दुसरा एक, 'मियामी कनेक्शन', १९८७ चा, फ्लोरिडात तायक्वांडो शिकवणाऱ्या वाय. के. किम नावाच्या कोरियन मास्तरांनी स्वतःचा पैसा घालून काढलेला, बँडवाली पोरं विरुद्ध मोटरसायकलवरचे निंजा. साफ आपटला. २००९ ला टेक्सासच्या एका थिएटरवाल्याने त्याची रीळं ऑनलाइन लिलावात ५० डॉलरला उचलली, लावून बघितली, पब्लिक वेडं झालं, आणि २०१२ ला तो पुन्हा वाजत गाजत रिलीज झाला. मास्तरांना फोन गेला तेव्हा त्यांना वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय, त्यांनी फोनच ठेवून दिला.

आणि लांब कशाला जायचं, धुळ्याहून तासाभरावर मालेगाव आहे, जिल्हा नाशिकचा असला तरी वारा आपलाच. तिथे नासिर शेख यांचं व्हिडिओ पार्लर होतं, यंत्रमागावर राबणारं पब्लिक. दुसऱ्यांचे पिच्चर दाखवता दाखवता त्यांनी स्वतःच 'मालेगाव के शोले' काढला, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर. मग सुपरमॅन मालेगावात उतरवला, त्याच्या शूटिंगवर फैझा अहमद खान यांची डॉक्युमेंटरी निघाली, त्यात बैलगाडीची क्रेन आणि सायकलची ट्रॉली केलेली दिसते. सुपरमॅन झालेला शफिक यंत्रमाग कामगारच, २०११ ला तोंडाच्या कॅन्सरने गेला. मला विचाराल तर आमच्या आबाचं डबिंग आणि मालेगावचा सुपरमॅन एकाच बोळातून निघालेत, फरक एवढाच की त्यांनी कॅमेरा घेतला आणि आमचा आबा हमालीला परत गेला.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी पार्लरमध्ये माझा मामा पण होता, तालमीतला, मल्लखांबवाला. सगळे घोड्याच्या सीनला हसत होते आणि हा गुडघ्यात मान घालून टीव्हीकडे टक लावून बसलेला. नंतर बाहेर चहा पिताना म्हणाला, "चौकात घोडा असला तर काय झालं, आपल्या तालमीबाहेर खांब रोवलेलाच आहे ना." मग थोड्या वेळाने, "पोरगा खरा आहे."

कर्ट थॉमस २०२० ला गेला, मामाचे गुडघे पण गेलेत. परवा भाच्याला दाखवायला मोबाईलवर तो सीन लावला, पोरगं हसून हसून पलंगावरून पडायच्या बेतात, मी आबाचे सगळे डायलॉग म्हणून दाखवले, आणि मामा बाजूच्या खुर्चीवरून म्हणाला, मागे घे जरा. घेतला. पुन्हा मागे घ्यायला लावला. तिसऱ्यांदा त्याने चष्मा पुसला, मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि भाच्याला म्हणाला, "तोंड नको बघू त्याचं. मनगट बघ."